मोकळा गोठा: माझ्या प्रकल्प नोंदी, मार्च २०२४ ते मार्च २०२५

१२ मार्च २०२४
आजपासून वही सुरू. आर्मी सर्व्हिस कोरच्या अॅनिमल ट्रान्सपोर्टमध्ये २४ वर्षं काढली आणि हवालदार म्हणून २०२२ च्या डिसेंबरअखेर पेन्शनवर माण तालुक्यात घरी आलो. नोकरीत माझ्या हातात बंदुकीपेक्षा खेचराचा लगाम जास्त राहिला. गाडीरस्ता संपतो त्याच्या पुढे रेशन, रॉकेल, दारूगोळा पाठीवर घेऊन चढणारं जनावर ते. रोज खरारा, रोज खुर तपासणं, पाठीवर खोगिराची जखम नाही ना ते बोटांनी चाचपणं. पाणी आधी, दाणा नंतर. तिथे प्रत्येक जनावराची नोंद असायची, ती सवय इथे उपयोगी पडेल म्हणून ही वही.

घरी आबांचा जुना गोठा आहे. सिमेंटचा कोबा, पत्र्याचं छप्पर, दोन जनावरं. काळी म्हणजे संकरित होल्स्टिन, तिसऱ्या वेताची. मोगरी म्हणजे खिल्लार, माणदेशी, पांढरीशुभ्र, लांब शिंगांची, आबांशिवाय कुणाला अंगाला हात लावू देत नाही. तिसरी दावण रिकामी आहे. २०२२ च्या लम्पीत आबांचा बैल गेला. मी तेव्हा शेवटच्या पोस्टिंगवर होतो, फोनला रेंज दोन दिवसांनी एकदा. आईने सांगितलं, ‘तुझा बाप सात दिवस त्याच्या पायाशी निजला.’ त्या दावणीला आबांनी अजून कुणाला बांधू दिलेलं नाही.

काळीचे पुढचे दोन्ही गुडघे सुजलेले आहेत. कोब्यावर बसता-उठता सुजलेत. खेचराच्या पायाला असं झालं असतं तर मला जाब द्यावा लागला असता.

१६ मार्च
काल रात्री पहारा दिला. दहा ते चार, दर पंधरा मिनिटांनी एकच नोंद: काळी उभी की बसलेली. २५ पैकी १६ वेळा उभी. दुभत्या गाईला दिवसाकाठी १२ ते १४ तास बसून रवंथ करता आली पाहिजे. ती बसली की कासेकडे रक्त जास्त जातं आणि एक लिटर दूध तयार व्हायला ४०० ते ५०० लिटर रक्त कासेतून फिरावं लागतं. आपण पेंडीचे भाव मोजतो, गाय बसली किती हे कुणी मोजत नाही.

खेचर चालवून काम देतं, गाय बसून देते. मला हे उलटं शिकायला लागणार आहे.

ठरवलं: मुक्त संचार गोठा करायचा. जुना कोबा फक्त दूध काढायला.

२४ मार्च
घरामागच्या दोन गुंठ्यांत आखणी झाली. मध्ये गव्हाणीवर पत्रा, लांबी पूर्व-पश्चिम, म्हणजे उन्हाळ्यात दुपारची सावली गव्हाणीवर राहील. बाकी सगळं मोकळं अंगण. खाली मुरूम, वर वाळूमिश्रित माती, पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून उत्तरेला उतार. कडेने लोखंडी अँगल आणि जाळी. दोन जुने कडुनिंब आतच घेतले, त्यांच्याइतकी थंड सावली पत्रा देत नाही. ग्रॅच्युइटीतले पैसे काढले. सौ. म्हणाली, ‘जाळी करा, पण दूध काढायच्या जागी दिवा आणि बसायला पाट आधी करा.’ माझ्या नोकरीच्या सगळ्या वर्षांत या गोठ्यातलं दूध तिने काढलं, अंधारात, उकिडवं बसून. दिवा आणि पाट आधी केले.

६ एप्रिल
आज जनावरं सोडली. काळीच्या गळ्यातलं दावं काढलं आणि बाजूला झालो. ती हललीच नाही. जिथे उभी होती तिथेच, दाव्याच्या लांबीत, संध्याकाळपर्यंत. पाण्याची टाकी वीस पावलांवर होती तरी बादली आणायची वाट बघत उभी. मला ते बघवेना. सौ.ने पेंडीचं घमेलं दाखवत दाखवत तिला टाकीपर्यंत नेलं.

आबा ओट्यावरून बघत होते. ‘मोकळं सोडलं की जनावर बिघडतं,’ एवढंच बोलले.

मोगरीचं उलट. सुटली तशी शेपूट वर करून चार फेऱ्या मारल्या आणि काळीवर शिंगं रोखली. तिच्यासाठी जाळीचा वेगळा कप्पा करावा लागणार. बिनशिंगी आणि खिल्लार एका अंगणात ठेवणं म्हणजे अपघाताला आमंत्रण. हे मला आधी कळायला हवं होतं.

९ एप्रिल
काळी आज दुपारी कडुनिंबाखाली आडवी पडून, मान लांब करून झोपली. तीन वर्षांत तिला असं झोपलेलं पाहिलं नाही, असं आई म्हणते.

२ मे
ऊन कडक. गेल्या वर्षी पावसाने दगा दिला, कडब्याचे भाव ऐकून परत यावं लागतं. फलटणकडून उसाचे वाढे येतात तेच सगळे घालतात. वाढ्यांत ऑक्झॅलेट असतं, ते शरीरातला चुना बांधून बाहेर नेतं. त्यामुळे वाढे एकूण वैरणीच्या तिसऱ्या हिश्शावर जाऊ द्यायचे नाहीत असं मी ठरवलं आणि सोबत खनिज मिश्रण रोज. उरलेलं हत्तीगवत आणि विकतचा कडबा.

पाण्याची टाकी आठवड्याला घासून आतून चुना लावतो. या उन्हात दुभती गाय ८० ते १०० लिटर पाणी पिते. दावणीला दोन वेळा बादली दाखवायचो तेव्हा तिला निम्मंही मिळत नव्हतं. काळीचं दूध वेळेला सव्वा लिटरने वाढलंय, पेंड तेवढीच.

१८ मे
दोन गाई घेतल्या. बाजारात नाही, शेतकऱ्याच्या दावणीवरून. मागे एकदा सुट्टीवर असताना बाजारातून गाय आणून फसलो होतो, दोन वेळचं दूध न काढता कास तुंबवून आणली होती. या वेळी मुक्काम करून सलग तीन वेळा दूध समोर काढून घेतलं. पहिल्या धारा काळ्या कपड्यावर बघितल्या, चारही सडांची सीएमटी (कासदाहाची चाचणी) केली, गाय चालवून खुर बघितले, दात बघितले, रक्त तपासणीला दिलं आणि अहवाल येईपर्यंत इसाराच दिला. दलाल म्हणाला, ‘फौजी, गाय घेताय की भरती करताय?’ भरतीच होती ती.

शुद्ध होल्स्टिन नको होती, आमच्या माणदेशी उन्हात ती धापा टाकते. नोकरीत मिलिटरी फार्मच्या फ्रीजवाल गाई पाहिल्या होत्या. पाच हिस्से होल्स्टिन आणि तीन हिस्से साहिवाल, असं आठ हिश्शांचं गणित बसवून मेरठच्या संशोधन संस्थेबरोबर लष्कराने ही जात उभी केली. पहिला मिलिटरी फार्म १८८९ मध्ये अलाहाबादला निघाला आणि मार्च २०२१ मध्ये सगळे फार्म बंद झाले. १३२ वर्षं जवानांना दूध पुरवणारं खातं ते. झेंडा उतरवल्याची बातमी आम्ही युनिटमध्ये वाचली तेव्हा जुने लोक गप्प झाले होते. ती जात मला मिळणं शक्य नव्हतं, पण ढवळी आणि लाडी दोघींतही साहिवालचं रक्त आहे. कातडी सैल, ऊन सोसतात. ढवळी गाभण, तिसरं वेत. लाडी दुभती. दोघींना वीस दिवस वेगळं ठेवणार, मग कळपात.

१४ जून
सकाळी मोगरी हंबरायला लागली. सोट, म्हणजे माजाचा चिकट स्राव, स्वच्छ, काचेसारखा. माजावर आहे.

यावरून घरात दोन दिवस बोलणं चाललं होतं. हिशेबाच्या वहीत मोगरी बसत नाही. दिवसाला दोन-अडीच लिटर दूध, तेही वासराला पाजून उरेल ते. मी म्हणत होतो संकरित वळूच्या गोठवलेल्या वीर्याची कांडी भरू, पुढची पिढी दुधाची होईल. आबा म्हणाले, ‘खिल्लारीच्या पोटी खिल्लारच पाहिजे.’ मग उठून रिकाम्या दावणीपाशी जाऊन उभे राहिले. पुढे मी काही बोललो नाही. बैलगाडा शर्यती पुन्हा सुरू झाल्यापासून खिल्लार खोंडाला भाव आहे हे खरं, पण आबांच्या डोक्यात भाव नव्हता.

सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी. डॉक्टर साडेपाचला आले. कांडी उणे १९६ अंशांच्या नायट्रोजनमधून काढून ३७ अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट. पाणी मी थर्मामीटर लावून तयार ठेवलं होतं. मोगरीला आबांनी धरलं, दुसऱ्या कुणाचं काम नव्हतं. कांडीवरचा वळूचा नंबर वहीत लिहिला. २१ दिवसांनी, ५ जुलैला, पुन्हा माज दिसतो का बघायचं. धरली तर २८० दिवस, म्हणजे २१ मार्च २०२५ च्या आसपास.

एक गोष्ट इथे लिहून ठेवतो. २४ वर्षं जनावरांत काढली, पण बाळंतपण एकही पाहिलं नाही. खेचर म्हणजे घोडी आणि गाढव यांचं पिल्लू. घोडीची ६४ आणि गाढवाची ६२ गुणसूत्रं, खेचराला येतात ६३, त्यांची जोडी जुळत नाही. त्याला पुढे पिल्लू होत नाही. तीन-चार वर्षांचं तयार जनावर युनिटमध्ये यायचं आणि म्हातारं होऊन जायचं. जन्म हा भाग माझ्या शिक्षणातून पूर्ण सुटलेला आहे.

६ जुलै
मोगरीला काल माज नाही. आबांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही, पण संध्याकाळी त्यांनी तिला मूठभर गूळ चारला.

दुधाचं: सरकारने ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) लिटरला ३० रुपये दर आणि वर ५ रुपये अनुदान जाहीर केलंय. अनुदानासाठी गाईच्या कानातला १२ अंकी बिल्ला ऑनलाइन नोंदलेला हवा आणि खातं आधारशी जोडलेलं हवं. आमचे चारही बिल्ले नोंदलेले आहेत. वस्तीवर ज्यांचे नाहीत अशा सहा घरांची यादी केली, उद्या त्यांना घेऊन दवाखान्यात जातो. त्यांतल्या दोघींचे मालक मुंबईला माथाडीत आहेत, इथलं सगळं त्या बायाच बघतात.

८ ऑगस्ट
ही नोंद लिहायला दोन दिवस लागले.

ढवळी ६ तारखेला दुपारी व्याली, गोऱ्हा झाला, व्यवस्थित. मी तालुक्याला गेलो होतो. म्हणजे याही वेळी पाहायला मिळालं नाही. आलो तेव्हा वासरू चाटून कोरडं झालेलं. कास दगडासारखी भरलेली बघून मी चीक पूर्ण पिळून काढला. वासराला पाजला, उरलेला खरवसाला दिला.

काल पहाटे चारला ढवळी खाली. उठेना. मान वळून बरगडीवर टाकलेली, कान बर्फासारखे गार, नाक कोरडं. मी कान हातात धरला आणि पोटात खड्डा पडला. बर्फात असे गार कान मी बघितलेत, तिथून परत फिरलेलं जनावर फार थोडं बघितलंय. पोट फुगू नये म्हणून सौ.ने आणि मी तिला छातीवर सरळ बसवून दोन्ही बाजूंना भुशाची पोती लावली. तोंडात काही ओतू नका, ठसका लागून फुप्फुसात जाईल, असं डॉक्टरांनी फोनवरच बजावलं.

साडेपाचला ते आले. दुग्धज्वर. शिरेतून कॅल्शियम, थेंब थेंब, एका हाताने बाटली आणि दुसऱ्या हाताने छातीचे ठोके धरून. घाईने सोडलं तर हृदय थांबतं. अर्ध्या बाटलीत तिच्या अंगावर शहारे आले, मग ढेकर, मग शेण टाकलं. पाऊण तासाने उठून उभी राहिली आणि वासराकडे बघून हुंकारली. मी तिथेच खाली बसलो.

डॉक्टरांनी विचारलं, ‘शेवटच्या महिन्यात काय देत होता?’ मी अभिमानाने सांगितलं, रोज कॅल्शियमची बाटली आणि वर मेथीघास. ते म्हणाले, ‘तिथेच चुकलं.’ आटलेल्या गाईला बाहेरून भरपूर कॅल्शियम मिळत राहिलं की हाडांतून ते ओढून आणायची तिची स्वतःची यंत्रणा झोपी जाते. व्याल्यावर एकदम चिकात आणि दुधात कॅल्शियम जायला लागतं, यंत्रणा जागी व्हायला दोन-तीन दिवस लागतात, तोवर रक्त रिकामं होतं. वर मी पहिल्याच दिवशी कास पूर्ण रिकामी केली. चूक माझी आहे, दोन ठिकाणी. प्रेमापोटी केली म्हणून कमी होत नाही.

वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने: आटलेल्या गाईला कॅल्शियमची बाटली नाही, मेथीघास नाही. व्याल्यावर पहिले दोन दिवस वासराला पुरेल तेवढाच चीक.

२० सप्टेंबर
मूरघास, म्हणजे हवाबंद मुरवलेला हिरवा चारा. यंदा पाऊस चांगला झाला, मका डोक्याच्या वर. ८६ दिवस झाले, कणसाचा दाणा दाबला की दूध येतं पण थोडा घट्टपणा आलाय, हीच वेळ. खड्डा मी खणला: २० फूट लांब, ६ रुंद, ५ खोल. नोकरीत खंदक खणलेत, तेव्हा यात अडचण नव्हती. आत जाड प्लास्टिक. साधारण इंचभर तुकडे कापून वीतभर थर, थर टाकला की ट्रॅक्टर आणि कोपऱ्यांत पायांनी तुडवणं. आत हवा राहिली की बुरशी. आजूबाजूची आठ-दहा माणसं आली, आईने सगळ्यांना झुणका-भाकरी केली. रात्री दहाला वरचं प्लास्टिक बंद करून मातीची पोती रचली. अंदाजे दहा टन. ४५ दिवस हात लावायचा नाही.

२८ ऑक्टोबर
वसुबारस. सौ. आणि आईने सवत्स पूजा केली, ढवळी आणि तिचा गोऱ्हा. आज घरात दूध-तूप नाही, बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी. लष्करात असताना हा सण मला फोनवरच कळायचा. ढवळीच्या पायावर पाणी घालताना सौ. पुटपुटत होती, काय ते विचारलं नाही.

दर १ ऑक्टोबरपासून २८ आणि अनुदान ७ झालंय. हातात तेच ३५, पण अनुदान उशिरा येतं आणि पेंडीवाला थांबत नाही. पेन्शन आहे म्हणून मी थांबू शकतो. शेजारचे नाना थांबू शकत नाहीत, त्यांनी गेल्या आठवड्यात एक गाय विकली. हे मनाला लागतं.

६ नोव्हेंबर
खड्डा उघडला. रंग पिवळट हिरवा, वास आंबटगोड. कडेचं घमेलंभर काळं पडलं होतं ते उकिरड्यावर टाकलं. पहिल्या दिवशी काळीने हुंगून तोंड फिरवलं, लाडी मात्र मान वर काढेना. दोन किलोपासून सुरुवात, आठवड्यात पंधरापर्यंत.

याच आठवड्यात हयातीचा दाखला दिला.

८ डिसेंबर
आज आमच्या कोरचा दिवस. गावातले आम्ही चार पेन्शनर जमलो. मी पेडोंगीची गोष्ट पोरांना सांगितली. १९७१ मध्ये पलीकडे पकडलं गेलेलं आमचं खेचर, शत्रूचं ओझं पाठीवर घेऊन हद्द ओलांडून आपल्या तुकडीत परत आलं. खूप वर्षांनी त्याला नाव मिळालं, त्याआधी खुरावरचा नंबरच होता. आमच्या कोरच्या ऑफिसर्स मेसमधल्या एका दालनाला त्याचं नाव आहे. एका पोराने विचारलं, ‘त्याला वाट कशी कळली?’ मी म्हणालो, रोज ज्याच्या हातचं पाणी पितं त्याच्याकडे ते येतं. माझा यावर विश्वास आहे.

लाळ्या-खुरकुताची लस सगळ्यांना टोचून झाली. तारखा वहीच्या मागच्या पानावर.

२० जानेवारी २०२५
मोगरीच्या कासेला आता पूर्ण आराम. वैरणीत फक्त कडबा आणि थोडं हिरवं. आबा मेथीघासाची पेंडी घेऊन निघाले होते, मी लाल शाईचं पान दाखवलं. त्यांनी वाचलं, पेंडी काळीला घातली.

२१ मार्च
२८० दिवस पूर्ण. काही नाही. शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंचे स्नायू सैल पडलेत. रात्री पहारा.

२४ मार्च
तीन रात्री झाल्या. आबा म्हणाले होते, खिल्लार चार दिवस वर घेते.

पहाटे सव्वातीनला मोगरी उठबस करायला लागली. तीन चाळीसला पाण्याची पिशवी फुटली. चारला दोन खुर दिसले, तळवे खाली, वर नाकाचं टोक. सरळ येतंय. मी दोरी आणि हातमोजे घेऊन पुढे सरकलो तर आईने मागून दंडाला धरलं. ‘बस. तिचं तिला करू दे.’ मी बसलो. दहा मिनिटं हात मांडीखाली दाबून बसलो होतो.

बाहेर आलं तसं मोगरीने वळून चाटायला घेतलं. तिने आज मला जवळ येऊ दिलं. नाकातला चिकटा मी बोटाने काढला आणि त्याने माझ्या तळहातावर पहिला श्वास टाकला. गरम. मला बोलता येईना.

आबा कंदील घेऊन आले. वीज होती, तरी कंदील. पाय बघितले, पाठ बघितली, शेपटी किती खाली येते ते बघितलं. मग उठून त्या रिकाम्या दावणीपाशी गेले, पाचटाची एक पेंडी सोडली आणि तिथे पसरली.

मोगरी, खिल्लार. व्याली पहाटे ४.१०. खोंड. नाळेला आयोडीन ४.२०. उभा राहिला ४.४०. चीक ४.५०, मोगरीनेच पाजला. वार पडली ९.१५. कान गरम. सकाळी सहाला पहारा आबांकडे दिला आणि कॅन घेऊन डेअरीला गेलो.